नाव ठेवील त्याची वस्तू

रविवार, ता. १४, दुपार

प्रिय दंतोबा,

तुझं कुशल मागाहून विचारतो. आधी तक्रार. ती गंभीर आहे, तेव्हा हातातलं काम खाली ठेव आणि चेहरा त्या मानाने कर.

मागे आलास तेव्हा तू माझी चिकटपट्टी वापरलीस आणि वापरून झाल्यावर तिचं टोक दुमडून ठेवलं नाहीस. आज एक पाकीट चिकटवायला घेतलं तर टोक कुठेच नाही. नखाने चाचपलं. चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं, खिडकीशी उजेडात धरून गोल गोल फिरवलं. अनादि आणि अनंत ही विशेषणं आमच्या शास्त्रात फार जपून, एकाच ठिकाणी वापरतात. ती तू एका चिकटपट्टीला मिळवून दिलीस. शेवटी सुरीने चीर दिली, तर एका टोकाच्या जागी असंख्य टोकं झाली आणि त्यांतलं एकही धड सुटेना. अद्वैत मोडलं की पुढे काय होतं ते आज प्रत्यक्ष पाहायला मिळालं. दुमडायला असा किती वेळ लागतो रे? माणसाने आपल्यामागून येणाऱ्याचा थोडा तरी विचार करावा.

असो. कसा आहेस? धाकटी कशी आहे? (माझी धाकटी बहीण. तुझी बायको ती नंतर झाली, हा क्रम ध्यानात असू दे.) तुझ्या कामाच्या खोलीतले जबडे बरे आहेत ना? फळीवर ओळीने मांडलेले ते प्लास्टरचे जबडे मला नेहमी एखाद्या सभेतल्या श्रोत्यांसारखे वाटतात. सगळ्यांनी आ वासलेला आणि कुणीही ऐकत नाही. त्या सेवानिवृत्त पोस्टमास्तरांचं काय झालं? त्यांना तू दोन्ही कवळ्या वरच्याच करून दिल्या होत्यास. मी तो किस्सा आमच्या छापखान्यात सांगितला तर लोक पोट धरून हसले. ‘खालच्या जबड्याला पदोन्नती’ असं मी त्याचं शीर्षक ठेवलं होतं. आता सांगत नाही.

गेले काही रविवार मी आलो नाही, याचं कारण काम. छापखान्यात एका मोठ्या शब्दकोशाची मुद्रितं तपासायला आली आहेत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी बारीक अक्षरांवर नाक टेकवून बसलेला असतो. शिवाय गुडघा. शिवाय त्या रविवारी पाहुणे यायचे होते, ते आले नाहीत, पण यायचे होते.

सध्या ‘न’ हे अक्षर चालू आहे. परवा त्यात एक मौज झाली. ‘नाव ठेवणे’ म्हणजे नामकरण करणे, आणि ‘नावं ठेवणे’ म्हणजे दोष काढणे, या दोन वेगळ्या नोंदी. जुळणीवाल्या बाईंनी दुसरीवरचं टिंब गाळलं, त्यामुळे कोशात एकाच गोष्टीचे दोन अर्थ एकाखाली एक येऊन बसले. मी लाल खूण करून कागद त्यांच्याकडे नेला. त्या म्हणाल्या, “टिंबच तर आहे हो!” मी म्हणालो, “बाई, या टिंबावर आमच्या घरातले कज्जे निकालात निघालेत.” त्या हसल्या. त्यांना वाटलं, मी गंमत करतो आहे.

तुला मात्र ठाऊक आहे. तरी लिहितो. मुद्रित तपासताना मूळ प्रत शेजारी उघडी ठेवायची असते, त्या सवयीने समज.

आपण पहिलं खोकं आणलं तेव्हाची गोष्ट. जिन्याखालच्या त्या जुन्या सामानाच्या दुकानातली मावशी रिकाम्या झालेल्या घरांतली किरकोळ चीजवस्तू बुटांच्या खोक्यात भरून, वर दोरी बांधून विकायची. अजूनही विकते. खोकं उघडून पाहायचं नाही. घ्यायचं तर बंद घ्यायचं, आत असेल ते नशीब. आपण ते तुमच्या घरी आणलं, टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला आणि ओतलं. बटणं, फासे, बाहुलीची एक वहाण, गोळ्यांच्या पुड्यांतून फुकट मिळायचे तसले प्लास्टिकचे प्राणी, नखाएवढी कात्री. आणि पत्र्याची एक शिट्टी, पोपटाच्या आकाराची. ती दोघांनाही हवी होती. तू म्हणालास, मी आधी पाहिली. मी म्हणालो, मी आधी ओळखली. दोन घोडे झालेली माणसं बोटाएवढ्या पोपटावरून हमरीतुमरीवर आली, तेव्हा धाकटी स्वयंपाकघरातून ओरडली, “जो तिचं नाव ठेवील त्याची! आणि आता गप्प बसा!”

तू डोकं खाजवेपर्यंत मी ‘शुकनासिका’ म्हणून मोकळा झालो.

“हे नाव आहे की रोग?” तू म्हणालास. पण शिट्टी माझी झाली.

तिथून तो नियम पडला. नाव ठेवील त्याची वस्तू. पोटनियम तुझा: वस्तूला नावं ठेवील त्याचा हक्क गेला. रंग उडालाय, कान तुटलाय असं तोंडून निघालं की ती समोरच्याची. एका टिंबाने मी तुझ्याकडून काय काय जिंकलं आहे! बिचारा तू, तुला दोष दिसला की राहवत नाही. दिवसभर लोकांच्या तोंडात तेच बघायचं. आणि तिसरा नियम, तोही तुझाच, की वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवायच्या नाहीत. मी चिठ्ठ्या करायला निघालो होतो, तेव्हा तू हातातला कागद काढून घेतलास. “ज्याला नावं आठवत नाहीत त्याने वस्तू बाळगू नयेत,” म्हणालास. तेव्हापासून तुझ्या कपाटातल्या आणि माझ्या फळीवरच्या प्रत्येक क्षुल्लक चिजेचं नाव आपण तोंडपाठ ठेवलं. लोक यापेक्षा बऱ्या गोष्टी पाठ करतात.

फक्त तुझी पत्र्याची ट्रंक या सगळ्याबाहेर होती. लग्नाआधी तू दुसऱ्या गावी कवळ्यांचं काम शिकायला होतास, तेव्हा एकट्याने जमवलेला तो माल. कामाच्या टेबलाखाली कुलपात असायचा. मी कितीदा म्हटलं, एकदा दाखव. “मेल्यावर बघ,” असं म्हणून तू कुलपावर पाय ठेवायचास आणि असा हसायचास की मला ती ट्रंक तुझ्या डोक्यात घालावीशी वाटायची.

आता गेल्या वर्षभरातली खोकी आठव. मी आठवतो आहे, सारखा. या वर्षी मावशीची खोकी एकाएकी श्रीमंत झाली. सेल्युलॉइडचा राजहंस, मान न मोडलेला. काचेच्या डोळ्यांचा पत्र्याचा बेडूक, किल्ली दिली की अजून उडी मारणारा. करंगळीच्या नखावर मावेल असं शिवणयंत्र, त्याचं चाक फिरतं. एका पेन्सिलीच्या शार्पनरवर तर आख्खी पृथ्वी होती आणि ती आसावर फिरत होती. असल्या वस्तू एका वर्षात एका माणसाला मिळत नाहीत. मला मिळाल्या. खोकं निवडायला तू मलाच पाठवायचास, “तुझा हात चांगला आहे पंडित,” म्हणून. टॉवेलावर ढीग पडला की तू चहाच्या कपात बघत बसायचास आणि मी नावांवर नावं ठेवत सुटायचो. तू एकाही नावाला आडवा आला नाहीस. मला वाटलं, वयाबरोबर माणूस सुधारतो.

मी राजहंस छापखान्यात नेला होता. मेजावर ठेवला होता. जुळणीवाल्या बाईंना सांगितलं होतं, “अशा गोष्टी सगळ्यांना दिसत नाहीत. त्याला नजर लागते.” हे वाक्य मी बोललो आहे, मोठ्याने, चारचौघांत. ते वाक्य मला हल्ली जेवताना आठवतं.

मग शेवटचं खोकं. तू टॉवेलावर ओतलंस. सोंगट्या, तुटकी साखळी, एक झाकण, आणि त्यातून उंट बाहेर आला.

तो उंट, दंतोबा. तुमच्या लग्नात मी तुला दिलेला, पत्र्याचा, अंगठ्याएवढा. लग्नाच्याच गडबडीत तू त्याच्यावर बसलास आणि त्याचं शेपूट गेलं. आठवड्याने तू मला तो दाखवायला आणलास, तेव्हा कवळीच्या हिरड्यांना वापरतात त्याच गुलाबी मिश्रणाचं नवं शेपूट तू त्याला बसवलं होतंस, पॉलिश करून. आपण इतके हसलो की धाकटी घाबरून बघायला आली. मी त्याचं नाव ‘पाटलपुच्छ’ ठेवलं, गुलाबी आहे शेपूट ज्याचं तो. तू ‘कवळीवाला’ ठेवलंस. पुढे नियम पडल्यावरही दोन्ही नावं मंजूर राहिली, कारण ती देणगी होती, खोक्यातली नव्हे. तेव्हापासून तो तुझ्या काचेच्या कपाटात मधल्या फळीवर होता. इतकी वर्षं.

तो तू ढिगातून उचललास. भिंगाखाली धरलास. आणि खो खो हसलास.

“हे बघ पंडित! याचं शेपूट बघ! कुठल्या गाढवाने जोडलंय हे? हिरडी लावलीये उंटाला!”

धाकटी चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली.

“घे, तुझा,” तू म्हणालास. “मी नावं ठेवली.”

मी ‘बरं’ म्हणालो आणि उंट खिशात घातला. त्यापुढे त्या दिवशी आपण काय बोललो ते मला सांगता येणार नाही. तू पोस्टमास्तरांचा किस्सा सांगितलास, मघाशी सांगितला होतास तरी. मी हसलो.

घरी जाताना हात सारखा खिशात जात होता. मला एवढंच कळत होतं की मी दिलेली वस्तू तू जुन्या बाजारात टाकून दिलीस, ती फिरून आपल्याच टेबलावर आली, आणि पकडला गेल्यावर तू तोंड वर करून हसलास. एवढं सरळ होतं. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण चुका धरणं हा माझा पोटाचा धंदा. एक टिंब चुकलेलं दिसलं की मी पान पहिल्यापासून वाचतो.

दुसऱ्या दिवशी मावशीच्या दुकानात गेलो. ती जिन्याखाली स्टुलावर बसून दिव्यांच्या काचा पुसत होती.

“मावशी, मागचं खोकं कुणाच्या घरातलं?”

“कुठलं?”

“आमचं. आम्ही नेलेलं.”

“तुमच्याच घरातलं की,” ती म्हणाली आणि मग तिने जीभ चावली. पण ती काही फार वेळ जीभ चावून बसणारी बाई नव्हे. “आता विचारलंच आहे तर ऐका. वर्ष झालं, तुमचे मेहुणे पिशवी घेऊन येतात. मागे बसतात, खोकं भरतात, स्वतः दोरी बांधतात. मला सांगतात, पंडित आला की हेच खोकं पुढे ठेव. कुण्या म्हाताऱ्या बाईच्या घरातलं आहे म्हण.”

“आणि तुम्ही म्हणालात.”

“मग? काय खूश व्हायचात तुम्ही! लेकरासारखं खोकं काखेत मारून चालू लागायचात. आणि ते काय म्हणायचात ते, ‘मावशी, याला नजर लागते नजर!’ मला हसू दाबता दाबता ठसका लागायचा.”

मी उभा होतो तो तिच्या समोरच्या खुर्चीवर बसलो. ती खुर्चीही विकाऊ होती, एक पाय लंगडा. मावशीने काच बाजूला ठेवली.

“मनाला लावून घेऊ नका. प्रेमानेच केलं त्यांनी. मागच्या खेपेला तर दोनदा आले. सकाळी खोकं भरून, बांधून गेले आणि जेवणवेळेला परत, अजून भरायचंय म्हणून. मी म्हटलं, अहो भरलंत की! तर उघडून बघितलं आणि म्हणाले, छान भरलंय, कुणी भरलं?”

मी तेव्हा याकडे लक्ष दिलं नाही. म्हटलं, नाटकं. मावशीपुढेही नाटकं.

म्हणजे राजहंस तुझा. बेडूक तुझा. शिवणयंत्र, पृथ्वी, सगळी तुझी, त्या ट्रंकेतली, जिच्यात मला डोकावू दिलं नव्हतंस. मी शोधलं काहीच नव्हतं. तू मुलांच्या वाढदिवसाला कोपऱ्यात खाऊ लपवून ठेवतात तसा माल लपवून ठेवलास आणि मी तो ‘सापडला, सापडला’ म्हणून नाचत राहिलो. वर तू चहाच्या कपात बघत बसलास. तुला हसू येत होतं का रे? मी त्या राजहंसाला ‘मानसवासी’ म्हटलं तेव्हा? मी शब्दाची व्युत्पत्ती सांगत होतो आणि तू मान डोलावत होतास. या पन्नाशीत मला अभिमान वाटेल अशी एक तरी गोष्ट होती, माझी नजर. तीही तूच पिशवीत भरून आणलेली निघाली.

राग आला. फार आला. राजहंस मेजावरून उचलून खणात टाकला. जुळणीवाल्या बाई म्हणाल्या, “पक्षी कुठे गेला?” मी म्हटलं, “ज्याचा होता त्याच्याकडे.”

त्याच आठवड्यात गुरुवारी तुमच्या घरी आलो. रविवार नव्हता, म्हणून धाकटीने दार उघडलं आणि गडबडली.

“दादा? आज कसा?”

“तुझ्या नवऱ्याला विचारायचंय, मला गाढव बनवण्यात वर्षभर किती मजा आली ते.”

“हळू बोल.”

“का? लाज वाटते?”

तिने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. जाताना मी तुझं काचेचं कपाट पाहिलं. मधल्या फळीवर धुळीत चार बारीक टिंबं होती, उंटाच्या खुरांची. टेबलाखालची ट्रंक उघडी होती. तिच्यात आता प्लास्टरची पिशवी ठेवली आहे.

“मावशीने सांगितलं ना?” धाकटी म्हणाली. “तिला बजावलं होतं, सांगू नको म्हणून.”

“म्हणजे तुलाही माहीत होतं!”

“मला नाही तर कुणाला? बुटांची रिकामी खोकी कोण काढून देत होतं?”

दंतोबा, समासाचा एक प्रकार आहे, मध्यमपदलोपी. दोन पदं जोडायची आणि मधलं गाळून टाकायचं. ते असतं, पण दिसत नाही. तू, धाकटी, मावशी, तुम्ही तिघांनी मिळून असा समास केलात आणि मधलं पद मी. बहीण माझी, मित्र माझा, दुकान मी शोधलेलं. सगळ्यांना सगळं माहीत आणि मी मधून गायब. हे मी तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, “तुझं व्याकरण नंतर.”

“सरळ हातात द्यायचं होतं,” मी म्हटलं. “मी काय नाही म्हणालो असतो?”

“तू? तू घेतलं असतंस? का देतोस, आत्ताच का देतोस, काय झालंय, असा उलटतपास लावला असतास. त्याला तेच नको होतं. त्याला एवढंच हवं होतं की तू त्यांची नावं ठेवावीस. म्हणजे ती राहतील.”

“पण देतोय का तो?”

तिने एक कप विसळायला घेतला. तो धुतलेलाच होता. नळाकडे तोंड करून म्हणाली, “तोच म्हणायचा ना. ज्याला नावं आठवत नाहीत...”

पुढचं मी विचारलं नाही. मी रागात होतो आणि राग फार सोयीचा असतो; त्यात दुसरं काही ऐकू येत नाही.

तेवढ्यात तू कामाच्या खोलीतून बाहेर आलास, हाताला प्लास्टर लागलेलं, फडक्याला पुसत.

“कोण आलंय गं?”

“दादा आलाय,” ती म्हणाली. जरा मोठ्याने म्हणाली, आणि पटकन.

तू माझ्याकडे पाहिलंस. हसलास. फार छान हसलास, कवळीचं माप द्यायला आलेल्या माणसाकडे बघून हसतोस तसं.

“या ना, या,” तू म्हणालास. “उभे का? बसा. चहा घेणार ना तुम्ही?”

मी नको म्हणालो आणि बाहेर पडलो. जिना उतरताना मनात तुला काय काय म्हटलं ते लिहीत नाही, पत्र धाकटीच्या हाती पडायचं. म्हटलं, वा रे पठ्ठ्या! फसवलंस तू, आणि वर मला ‘तुम्ही’ म्हणून परकं करतोस! आपण शाळेत एका बाकावर बसलो तेव्हापासून तू माझ्याशी ‘अरे’शिवाय बोलला नाहीस. माझ्या बहिणीशी लग्न ठरल्यावर घरातल्या मोठ्यांनी तुला सांगून पाहिलं, आता तो तुझा थोरला मेहुणा, जरा आदराने बोल; तर तू मांडवात सगळ्यांदेखत “ए पंडित, इकडे मर” म्हणून हाक मारलीस. त्या तोंडाने तू मला ‘बसा’ म्हणालास. याहून मोठा अपमान माझा कुणी केलेला नाही, असं मी ठरवलं आणि त्याच रागावर इतके दिवस काढले. काम, गुडघा, पाहुणे हे सगळं खोटं आहे. पाहुणे येणारच नव्हते.

तू म्हणशील, हे सगळं मला माहीतच आहे. मावशी कोण, नियम काय, लग्नात काय झालं, एवढं फोडून कशाला लिहिलंस? मीही पत्र लिहायला बसलो तेव्हा स्वतःला मूळ प्रतीचं वगैरे कारण सांगितलं. ते खरं नाही. फोडून लिहिलं, कारण तुला हे माहीत आहे की नाही याची मला आता खात्री नाही.

मुद्रितशोधकाची एक खोड असते. आपल्या ओळखीच्या मजकुरातल्या चुका त्याला दिसत नाहीत. डोळा पुढे पळतो, जे असायला हवं तेच वाचतो. दोन वरच्या कवळ्यांवर मी विनोद केला. एकच किस्सा तू एका बैठकीत दोनदा सांगितलास, मी दोनदा हसलो. गेल्या उन्हाळ्यात तू आमच्या घरी येताना बाजाराच्या बाजूला वळलास आणि फळं आणायला गेलो होतो म्हणालास. हातात फळं नव्हती. मी म्हटलं, खाल्लीस ना वाटेत, खादाडा. तू हो म्हणालास.

तू तेव्हाच मला सांगायला हवं होतंस. धाकटीला सांगितलंस, ते ठीक, ती बायको. पण तू दोरी बांधत असताना मावशीला बघू दिलंस आणि मला नाही! मी तुझा कोण होतो? मी ट्रंक घेतली नसती, कपाट घेतलं नसतं, उलटतपास घेतला असता हे खरं. रडलोही असतो, तुझ्यासमोर, तुझ्या जबड्यांसमोर. पण वर्षभर तू एकटा हे घेऊन बसलास आणि मी शेजारी बसून बेडकांची नावं ठेवत होतो. फसवणूक म्हणायची तर ही. बाकीची मी कधीच माफ केली असती.

आणि आता खरं तेवढंच लिहितो, कारण यापुढे सजवता येत नाही.

तू मला गाढव बनवलंस याचा राग मी जपून ठेवला आहे. तो गेला तर त्याच्या जागी जे येईल ते मला नको आहे. म्हणून गेले काही दिवस मी मनात प्रार्थना केल्यासारखं म्हणतो आहे की त्याने मला फसवलेलंच असू दे. उंट तू मुद्दाम टाकलास, माझं तोंड बघायला. ‘कुठल्या गाढवाने’ म्हणालास ते मला डिवचायला. त्या गुरुवारी ‘बसा’ म्हणालास तो टोमणा होता. असं असेल तर मला एक ओळ लिही. चांगल्या शिव्या घालून लिही. मी जन्मभर तुझ्याशी अबोला धरायला तयार आहे.

पण टोमणा नसेल, तू दारात उभ्या असलेल्या माणसाला खरंच चहा विचारलास आणि तो कोण ते तुला माहीत नव्हतं, तर मला भीती वाटते, दंतोबा. फार वाटते. तुझ्याबद्दल वाटते, आणि माझ्याबद्दलही, कारण माझ्या आयुष्याचा मोठा भाग तुझ्याखेरीज कुणी पाहिलेला नाही.

येत्या रविवारी मी येतो आहे. ‘तुम्ही’ म्हण, ‘बसा’ म्हण, काय वाटेल ते म्हण. या वेळी मी बसेन.

तुझ्या बायकोचा थोरला भाऊ,
शाळेत तुझ्याच बाकावर, खिडकीकडून दुसरा,
ज्याला तू पंडित म्हणतोस तो